गाइडच्या घरातला ऑपेरा

गिरणी कितीही झाडून काढा, सांजच्याला कोपऱ्यात पीठ साचलेलंच असतं. आमच्या भालेरावच्या घरचे किस्से तसेच. एक सांगून हात झटकावा, तर दुसरा बाहीला चिकटलेला!

मी गारखेड्यात पिठाची गिरणी चालवली. आता ती पोरगं बघतं अन् मी लोकांच्या चुका बघतो. भालेराव माझा शेजारी. मूळचा फर्दापूरचा, सगळी उमर अजिंठ्याच्या लेण्यांत गाइड म्हणून गेली. इटलीकडची माणसं जाताना त्याला गाण्याच्या सीडी देऊन जायची. दुसरा कुणी विकून मोकळा झाला असता. ह्यानं ऐकल्या! ऑपेरा म्हणतात त्याला. आपलं संगीत नाटकच, पण तिथं "दार लाव" हेसुद्धा गाऊनच सांगायचं.

मी सहसा कुणाची तारीफ करत नाय. पण नव्या माणसाला पहिला ऑपेरा कोणता द्यावा, हे भालेरावला जेवढं कळतं तेवढं डॉक्टरला औषध कळत नसंल. एकच खोड. गाणं सुरू झालं की हा पण सुरू! "आता ही चिडली. आता तो दाराआडून बघतोय. इकडं लक्ष द्या!" गाइड तो गाइडच.

*

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं एका बाईचं गाणं लावलं. मी म्हटलं, "आवाज वाढव." त्यानं वाढवला. मी म्हटलं, "अजून."

तो हसला. "गिरणीनं तुमचे कान नेले, मामा. बारीक आवाज तुम्हाला पोचतच नाय."

मग सगळ्या सीडी उलट्यापालट्या करून एक काढली. एकच माणूस, आवाज असा जाड की खुर्ची हलली. "बाप आहे. पोरीवर चिडलाय."

मी म्हटलं, "भाषा कळंना की!"

"बाप ओरडतोय, मामा. त्याला भाषा कशाला लागते?"

त्या दिवशी मी घरी जाऊन पोरीला फोन केला. उगीच.

*

कदम आमचा दोस्त. पडेगावला जमीन, शहरात नोकरी. त्याला सगळं मोठंच लागतं. त्यानं मोबाईलवर बघून सगळ्यात लांबलचक जर्मन ऑपेराचा सेट मागवला. गाडीत लावला. पडेगाव आलं, शेत आलं, माघारी घर आलं, तरी पहिलाच माणूस गात होता!

कदम तणतणत आला. "ह्याला संपायचं असतं का नाय?"

भालेराव म्हणाला, "कदम, मी कुठल्याच पर्यटकाला सगळी लेणी एका दमात दाखवली नाहीत. एक दाखवायचो, बाहेर आणायचो, पाणी पाजायचो." अन् त्याच्या हातावर निवडक गाण्यांची एकच सीडी ठेवली.

"तुकडे? मी काय गरीब आहे का?"

नेली मात्र. आता पाहुणे आले की तीच लावतो. जर्मन सेटसाठी त्यानं काचेचं कपाट करून घेतलंय. कुलूप पण लावतो, म्हणजे कुणी लावायला सांगायचं नाय!

*

रशीदभाई टेलर. त्याचा पहिला सवाल, "भालेराव, ये औरत मर रई के गा रई?"

"दोनों."

"हमारे इधर तो मरते वक्त पानी मांगते, मियाँ!"

भालेराव चिडला नाय. त्यानं तेच गाणं दोन बायांचं लावलं. एक नवीन, स्वच्छ, काचेसारखं. दुसरं लई जुनं, खरखर अशी, जशी भजी तळतायत. म्हणाला, "यातलं एक घरी न्या."

कदम म्हणाला, "नवीनच घे, बाबा!"

रशीदभाईनं डोळे मिटून दोन्ही ऐकली. "नये वाली का सिलाई बराबर है. पर कपडे के अंदर आदमीच नईं."

खरखरवाली घेऊन गेला. भालेराव माझ्या कानात म्हणाला, "मी पण तीच दिली असती."

*

एका इटालियन म्हातारीनं भालेरावला जुन्या रेकॉर्डींचा खोका पाठवला. तीन तबकड्या, एकच ऑपेरा. कदमनं शहागंजच्या बाजारातून तबकड्यांचा प्लेअर आणला. आम्ही चौघं बसलो.

पहिली बाजू झाली. भालेरावनं तबकडी उलटली. नायिका लगेच मेली! सगळे रडतायत, कोरस चाललाय. दुसरी तबकडी लावली, तर नायिका हजर! नाचतीय, दारू पितीय.

रशीदभाई म्हणाला, "ये कैसे उठी?"

भालेराव अडखळलासुद्धा नाय. "हे नायकाच्या आठवणीतलं आहे. तो रडतोय अन् त्याला जुने दिवस दिसतायत."

आम्ही माना डोलावल्या. मग तिचं भांडण झालं, तेही त्यानं समजावलं. शेवटी तिची अन् त्याची पहिली ओळख झाली अन् ऑपेरा संपला! कदमचे डोळे भरले. "मरणापासून उलटं सांगितलं, वा!"

मग त्यानंच तबकडी हातात घेतली. एकच्या पाठीमागं सहा नंबर! दोनच्या मागं पाच! जुन्या मशिनी एकावर एक तबकड्या आपोआप पाडायच्या, आधी तिन्हींची एक बाजू, मग गठ्ठा उलटून दुसरी, म्हणून तसे नंबर छापायचे म्हणं.

मी भालेरावला म्हटलं, "तुला मधीच कळलं नाय व्हय?"

"कळलं होतं," भालेराव म्हणाला. "पण वाट चुकली, हे पर्यटकाला सांगायचं नसतं."

*

सगळ्यांना ऑपेरा लागू पडला. राहिल्या त्या शांतावहिनी, त्याची बायको. त्यानं सीडी उचलली की वहिनी सूप उचलून शेजारी गहू निवडायला! त्यानं हसरा ऑपेरा लावून बघितला, लहान लावला, लग्नाचा लावला. वहिनी उंबऱ्याबाहेर!

मीच एकदा म्हटलं, "वहिनी, घडीभर बसा की."

"भाऊजी, तुमच्या गिरणीत बसते. तिथं कालवा कमी असतो."

भालेरावनं प्लेअर बंद केला. लई वेळ खोक्यातल्या सीडी चाळत बसला. म्हणाला, "जगातल्या माणसांना वाट दाखवली. हिच्यासाठी एक सापडंना. मी कसला गाइड?"



*

परवा भालेरावचा घसा बसला. डॉक्टरनं आत नळी घालून बघितलं अन् दटावलं, एक शब्द बोलायचा नाय, नाहीतर आवाज कायमचा जाईल. रविवारी आम्ही गेलो, तर हा गळ्याला मफलर गुंडाळून बसलेला. हातानंच "बसा" म्हणाला अन् नेहमीचीच एक सीडी लावली. लग्नाचीच होती ती.

वहिनींनी चहा ठेवला, सूप उचललं, दारापर्यंत गेल्या. तिथंच थांबल्या. मग चौकटीला टेकल्या. मग सूप खाली ठेवून बसल्या.

आम्ही कुणी कप पण वाजवला नाय. भालेराव बायकोकडं बघत होता. दोनदा त्याचं बोट वर उठलं, दोनदा त्यानं ते दुसऱ्या हातानं धरून खाली ठेवलं.

गाणं संपलं. वहिनींनी पदरानं डोळे टिपले.

"अहो, हेच व्हय ते? रोज लावता ते?"

भालेरावनं मान हलवली.

"मग आजवर मला ऐकू का दिलं नाय?"