पाठ टेकून चढलेला चढ

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका फॉरवर्ड पोस्टवर होती. रसद घेऊन वर जाताना आमची गाडी दरीत गेली. मी वायरलेस सेटवर बोललो, "गाडी खाली गेली. दोन कॅज्युअल्टी. मदत पाठवा, ओव्हर."

"जागेवर थांबा, ओव्हर."

दुसरं करणार काय? माझी कंबर मोडली होती. शेजारी नायक साबीर होता, माझ्याच भागातला, आमचा पीटी उस्ताद. मदत पोचण्याआधी तो गेला.

मेडिकल बोर्डानं मला घरी, मंगरूळपीरला पाठवलं. साध्या सायकलवर वाकता येईना. मग वेल्डरशी हुज्जत घालून रिकम्बंट सायकल बनवून घेतली. तिच्यावर पाठ टेकून बसायचं आणि पाय पुढे पसरून पेडल मारायचं.

साबीरच्या नावानं दरवर्षी शहरातून त्याच्या गावापर्यंत सायकल रॅली निघते. समितीचा अध्यक्ष गजाननभाऊ, खताचा दुकानदार. तो म्हणाला, "हवालदार साहेब, तुमी जीपमध्ये बसा. हार घालतो तुमाले."

"हार कायले? मेलो काय मी?"

"अन् हे खाटलं चढावर अडकलं तं? सारी रॅली खोळंबीन."

माझं डोकं फिरलं. पण भांडतानाही मी सौदा सोडत नाही. "रॅलीच्या आधी एका सकाळी गावाअलीकडचा चढ पाय न टेकवता चढून दाखवतो. चढलो तं रॅलीत सगळ्यात पुढं मी. नाही तं तुमची जीप कबूल."

"ठरलं."

सरावाला त्या चढावर गेलो आणि रागाच्या भरात फौजी करतो तेच केलं. जड गिअर टाकला आणि दातओठ खात पेडल दाबलं. निम्म्या चढावर सायकल थांबली, गुडघे सुजले. साध्या सायकलवर माणूस चढाला उभा राहतो, अंगाचं वजन पेडलवर टाकतो. इथे वजन सीटवर पडलेलं. सगळं काम मांड्यांचं. पहाडात साबीर आमच्यावर ओरडायचा, "छोटे कदम! लंबा कदम जवान को मारता है!" तोच हुकूम मानला. गिअर हलका केला, पाय भरभर फिरवले. घरी भिंतीला पाठ लावून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखा बसायचो, मांड्या थरथरेपर्यंत. मग एकेका पायानं स्टुलावरून उठायचो. एक दिवस व्यायाम, एक दिवस आराम. पावसाळा गेला, थंडी आली.

ठरलेल्या सकाळी गजाननभाऊ मोटरसायकलवर बाजूनं चालला होता.

"ढकलू काय, साहेब?"

"हात लावून तं पाहा!"

वेग इतका पडला की हँडल डुलू लागलं. मांड्या पेटल्या. पाय फिरत राहिले. माथ्यावर गजाननभाऊ मोटरसायकलवरून उतरला.

"मानलं बुवा. तुमीच पुढं राहा. पन हार तं घ्यान ना?"

"जीपले घाल."

रॅलीच्या दिवशी साबीरच्या दारात सर्वांत आधी मी पोचलो. त्याची आई सायकल न्याहाळत म्हणाली, "झोपून आला काय रे एवढ्या दुरून?"

"बसून आलो, चाची."

"माझा साबीर असता ना, तं तुले कवाच मागं टाकलं असतं त्यानं."

"टाकलं असतं, चाची. वरून शिव्याही दिल्या असत्या."

ती हसली. मग पाणी आणते म्हणून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.