दादाचा आवाज आणि माझा लॅपटॉप

माझ्या थोरल्या भावाचा आवाज कसा होता, हे मी आजवर कुणाला धड खरं सांगितलेलं नाही. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला तो बोली पुकारायला उभा राहिला की उचगावातल्या म्हशी रवंथ थांबवून कान टवकारायच्या, अडत दुकानांच्या पत्र्यावरची कबुतरं उठायची ती शिरोलीला वळसा घालूनच परत टेकायची, आणि पलीकडच्या कांद्याच्या सौद्यातला एखादा व्यापारी भान हरपून गुळाला बोली लावायचा. यातलं कांदेवाल्याचं खरं आहे. एकदाच झालं होतं, पण मी तिथं होतो.

तीस वर्षं तो गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, रांगांमधून चालत, हात वर करून पुकारत राहिला. मग आवाज बसला. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग बोलून बोलून घसा गेला असेल म्हणून गप्प बसणं झालं, आणि शेवटी तपासणीत स्वरयंत्रावर गाठ निघाली. मंगळवारी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की येत्या सोमवारी ऑपरेशन करायचं. स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही.

त्याच दवाखान्यात अशा माणसांना नव्यानं बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी वहिनीच्या हातात एक छापील कागद ठेवला. त्यावर घरात रोज लागणारी शंभर वाक्यं होती.

"ही यांच्याच आवाजात भरून ठेवा," त्या म्हणाल्या. "पुढं फोनवर बोट ठेवलं की यांचाच आवाज येईल. साध्या फोनवर भरलीत तरी चालेल."

"फोनवर?" मी मध्येच बोललो. "ह्या आवाजाला फोनचं डबडं कुठं पुरतंय? माझा लॅपटॉप हाय, मोठा माइक हाय. रेडिओगत भरून देतो की."

दादानं माझ्याकडं बघून मान हलवली. त्याला माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायची सवय होती. त्या दिवशी त्यानं केलं नाही.

माझा धंदा फ्लेक्सचा. मंगळवार पेठेत दुकान आहे. ज्याला स्वतःच्या गल्लीतलं कुत्रं ओळखत नाही त्याला वाढदिवसादिवशी लाखो दिलांची धडकन करून चौकात टांगायचं, हे माझं काम. असल्या हजारो धडकनांचे फोटो त्या लॅपटॉपच्या पोटात. बटण दाबून मी दाढी करून यायचो, तरी पडद्यावर ते गोल फिरतच असायचं. पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. उलट पेठेत मी कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणून मिरवत होतो.

बुधवारी सकाळी उचगावला दादाच्या घरी मी स्टुलाला माइक बांधला. दादानं चष्मा लावून कागद वाचला.

"'मला पाणी हवं आहे.' असं मी जन्मात कधी बोललोय व्हय?"

"मग काय म्हणतोस?"

"पाणी आण की."

"मग तसंच म्हण."

तासभर तो बोलत होता. मध्येमध्ये कोमट पाण्याचा घोट घ्यायचा. आवाज खरखरत होता, पण त्याचाच होता. शेजारच्या खोलीतून कुणी ऐकलं असतं तर दादा बोलतोय हे कळलं असतं, इतका. मग मी ते लावून दाखवायला गेलो आणि स्पीकरमधून आलं ते असं: "पा… … की. दा… … व. जे… …"

प्रत्येक वाक्याचा मधला भाग गायब. मी टास्क मॅनेजर उघडला. डिस्कच्या रकान्यात लालभडक शंभर टक्के. काहीही चालू नसताना शंभर टक्के. आवाज आत जात होता, पण त्याला लिहून ठेवायला डिस्कला सवडच नव्हती.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"काय न्हाय. मशीन दमलंय. उद्या करूया."

"तुझं मशीन दमतंय आणि मी दमत न्हाय," तो म्हणाला, आणि आडवा झाला.

पुढचे तीन दिवस मी त्या लॅपटॉपवर उपचार केले. व्हिडिओ बघून बघून केले. सर्च इंडेक्सिंग बंद केलं. अपडेट थांबवले. चालू होताना आपोआप उघडणाऱ्या गोष्टी एकेक करून बंद केल्या. कचऱ्याच्या फायली उडवल्या, दोन निवडणुकांचे उमेदवार उडवले. दर वेळी आकडा साठावर यायचा, मी उचगावला फोन करायचो की झालं, संध्याकाळी येतो, आणि फोन ठेवेपर्यंत तो परत शंभरावर जाऊन लाल व्हायचा.

शुक्रवारी वहिनी फोनवर म्हणाली, "भावजी, आपण फोनवरच भरूया काय? कालच्यापेक्षा आज आवाज कमी हाय त्यांचा."

"वहिनी, जरा दम काढा. आता शेवटचंच राहिलंय."

शनिवारी तिनं विचारलं नाही.

रविवारी सकाळी तिच्या स्कूटरवर मागं बसून दादाच दुकानात आला. दुपारी दोनला दाखल व्हायचं होतं. त्याच्या बोलण्यात आता बहुतेक वाराच होता. "चल," तो म्हणाला, "कुणाला तर दाखवूया." लॅपटॉप त्यानं स्वतः काखेत घेतला आणि पुढं चालायला लागला. मी आणि वहिनी मागं. आयुष्यात इतक्या गप्पपणे मी त्या पेठेतून कधी गेलो नव्हतो.

पलीकडच्या गल्लीत लॅपटॉप दुरुस्त करणारी एक बाई आहे. मूळची कबनूरची, यंत्रमागांच्या घरातली. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळं ती साधं बोलली तरी भांडतेय असं वाटतं. तिनं दोन-चार ठिकाणी बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"पावणं, ह्यात तीन अँटिव्हायरस कुणी घातले?"

"मीच. एकावर भरवसा न्हाय म्हणून."

"व्हय, पण एक फाईल उघडली की तिघं तिच्यावर पडत्यात. पहिला तपासतोय, त्यानं हात लावला म्हणून दुसरा तपासतोय, दुसऱ्यानं लावला म्हणून तिसरा. रातंदिवस एकमेकांवरच राखण चाललीया. तुमच्या कामाला डिस्क मोकळी कवा व्हणार?" मग तिनं लॅपटॉपला कान लावला. "आणि ही जुनी फिरती हार्ड डिस्क. टकटक ऐकू येती काय? ही मरायला टेकलीया. आतलं सगळं उतरवून घेतो आणि नवी एसएसडी डिस्क घालतो. पण आज न्हाय व्हायचं."

"आजच पाहिजे," मी म्हणालो, आणि का ते सांगितलं. तीन वाक्यांत सांगितलं. त्यात वाढवायला काही नव्हतं.

तिनं लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग तिच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाली, "अवो, मग फोनवर भरायचं की."

दादा टेबलावरचे स्क्रू बघत होता. वहिनी हातातला कागद उलगडत होती आणि तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाईनं मागची खोली मोकळी केली, पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं. वहिनीनं फोन दादाच्या तोंडापाशी धरला. पाणी आण की. दुखतंय. दार लाव. औषध झालं. जेवलास काय. बारक्या, जरा गप बस. हे शेवटचं कागदावर नव्हतं, त्यानं स्वतः माझ्यासाठी घातलं, आणि वहिनी हसली. दर वाक्यानंतर तो थांबायचा, आणि थांबणं वाढत गेलं. एकतीस झाली.

मग वहिनी म्हणाली, "एक बोली पुकारा की. यार्डातली."

तो उठून उभा राहिला. हात वर केला. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि नुसती हवा बाहेर आली. त्यानं पुन्हा एकदा केलं. मग हात खाली घेतला, बसला आणि कागदाची घडी घालून वहिनीला दिली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. फोन चालूच होता, त्यामुळं तेही भरलं गेलं. ते मी एकतीसात धरत नाही.

निघताना त्या बाईनं दादाला थांबवलं. "काका, मागावर कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाय. माझा बा आणि आय मधी दहा माग ठेवून दिवसभर बोलत्यात. नुसतं ओठांनी. भांडणंबी तशीच." आणि तिनं आवाज न काढता काहीतरी म्हटलं. दादानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तसंच काहीतरी उत्तर दिलं. दोघंही हसले. काय बोलले ते मला कळलं नाही, आणि दादानंही सांगितलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. दादाच्या गळ्याला आता श्वासासाठी भोक आहे, वर पातळ रुमाल असतो. लॅपटॉपही झाला. बुधवारच्या फायली त्या बाईनं वाचवून दिल्या, पण त्या होत्या तशाच, मधून तुटलेल्या. मी त्या पुसल्या नाहीत आणि लावतही नाही.

वहिनी चार दिवसांत दादाचे ओठ वाचायला शिकली. मला महिना गेला, आणि अजून पुरतं जमत नाही. त्यासाठी समोरच्याच्या तोंडाकडं बघावं लागतं आणि आपलं मिटावं लागतं. ही दोन कामं मी एका वेळी कधी केलीच नव्हती. दादा ओठ हलवायला लागला की मी त्याचं वाक्य अंदाजानं पुरं करून टाकायचो. मग तो फोन उचलायचा आणि 'जरा गप बस'वर बोट ठेवायचा.

परवा त्याच्यासमोर बसलो होतो. वहिनी आत होती. त्यानं विचारलं आणि ते मला पहिल्या झटक्यात कळलं. लॅपटॉप झाला काय?

"झाला," मी म्हणालो.

तो वाट बघत राहिला. पुढं मी काय काय सांगणार हे त्याला ठाऊक होतं. आता बटणाकडं नुसतं बघितलं तरी चालू होतो, वगैरे. तयार होतं सगळं.

"झाला," मी परत म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि आणखी काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. वहिनीला हाक मारणार होतो, पण मारली नाही.

"परत म्हण," मी म्हणालो.

तो सावकाश म्हणाला. तरी कळलं नाही. "परत म्हण." तिसऱ्या वेळी त्यानं प्रत्येक शब्दाला थांबून ओठ हलवले, जशी नवीन व्यापाऱ्याला बोली समजावून सांगावी तसे, न चिडता. चहा टाकायला सांग, म्हणत होता.

छापील कागदावर ते वाक्य चाळिसावं आहे. रविवारी आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो.

मी उठून आत सांगायला गेलो.