कोपरावरचं ठिगळ

सेटवर तिला सगळे डागताई म्हणत. तिला त्याचा राग नव्हता, कारण कामच तसलं होतं: कोरे कपडे जुने करायचे. शाळकरी पोरांची एक मालिका चालू होती. मालिकेसाठी नवे गणवेश गठ्ठ्याने येत. डागताई ते दगडाने घासून, चहाच्या पाण्यात बुचकळून, खिशाखाली शाईचा डाग पाडून चांगली दोन वर्षं वापरल्यासारखे करून देई. आधी ती इस्त्रीच्या दुकानात होती. "तिथे डाग काढायचे, इथे पाडायचे. पोट दोन्हीवर भरतं," असं सांगून ती स्वतःच हसायची.

कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरांनी तोंड उघडायच्या आत लोकांना कळलं पाहिजे कोण कसं आहे ते. टाय सैल, तो वांड. गळ्यापर्यंत बटणं, ती हुशार. आणि आपली नायिका गरीब. तिच्या शर्टाचं काहीतरी करा."

डागताईने फार डोकं चालवलं नाही. नायिकेच्या शर्टाचं कोपर झिजवलं, शर्टाच्याच खालच्या दुमडीतलं कापड काढून तिथे ठिगळ लावलं, कडेने बारीक टाके घातले. हात आपसूक चालले. बाई खूश झाल्या.

तो भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी डागताईची लेक शाळेतून आली ती दप्तर आपटतच. नववीतली पोर. एरवी दारातूनच "खायला काय आहे?" विचारणारी.

"काय झालं गं?"

"ते ठिगळ माझं आहे."

"कुठलं?"

"टीव्हीवरचं! तेच कोपर, तेच टाके. वर्गात सगळ्या मला त्या गरीब मुलीच्या नावाने हाका मारतात. आजवर कुणी बघितलंसुद्धा नव्हतं, आई."

आता डागताईला आठवलं. लेक सायकलवरून पडून कोपर फाटलं, तेव्हा तिनेच ते तसं शिवून दिलं होतं. सेटवर काम करताना तिच्या ते ध्यानीमनीही नव्हतं.

सकाळी तिने बाईंना विचारलं, "ठिगळ काढता येईल का हो?"

"आता? अहो, गोष्ट अर्ध्यावर आलीय. मध्येच नवा शर्ट कुठून आला म्हणतील लोक." बाई वाईट नव्हत्या. पण त्यांच्याही हातात काही नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी घराला रंग चालू होता, म्हणून लेकीला नाइलाजाने आईबरोबर सेटवर यावं लागलं. ती कपड्यांच्या पेटीवर तोंड फुगवून बसली. तेवढ्यात नायिका बाही शिवून घ्यायला आली. वैतागलेली होती.

"ठिगळ लपव म्हणतात. लपवलं की म्हणतात, खोटं वाटतंय," ती हात कोपरावर दाबून दाखवत म्हणाली.

"असं धरलं तर उलट सगळे तिकडेच बघतात," लेक पेटीवरूनच म्हणाली. "कोपर बाकावर टेकवून बसायचं. आणि फळ्यावर बोलावलं की खडू डाव्या हातात घ्यायचा."

"डाव्या हाताने लिहिता येतं तुला?"

"आता येतं."

डागताईची सुई थांबली. नायिकेने खडू धरल्यासारखा डावा हात एकदा वर करून बघितला.

परतताना डागताईने विचारलं, "मला का नाही गं सांगितलंस?"

"काय सांगू? तू एवढं छान शिवलं होतंस."

डागताई घराच्या रस्त्याला न वळता लेकीला घेऊन सरळ गणवेशाच्या दुकानात शिरली. दुकानदाराने सवयीने विचारलं, "शर्ट एक माप मोठा देऊ ना, ताई? वाढतं वय आहे."

डागताईने शर्ट लेकीच्या पाठीला लावून बघितला. पोर खांद्यात तिच्याएवढी झाली होती.

"नको," ती म्हणाली. "मापाचाच द्या."