हातभर उरलेला बॉल

सरोजवैनी आटपाडीकडच्या. उंचीनं बेताच्या, आवाजानं न्हवं. लग्न होऊन कतारला आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा गिरीश गॅस कंपनीत इंजिनीअर, अबू हमूरला घर. पोरगी अनुष्का शिकायला बाहेरदेशी गेली आणि घरात दोघंच उरली. त्याच सुमाराला गिरीशरावांना साहेबलोकांच्या नादानं गोल्फ लागलं. ते बॉल मारायचे, वैनी मागं पाण्याची बाटली धरून बसायच्या.

एक दिवस बसून बसून त्या कावल्या. म्हणाल्या, "आणा हिकडं ती काठी." पहिल्या खेपेला काठी हवेतनं गेली. दुसऱ्या खेपेला चटईवर आपटली आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. गिरीशराव हसले. हसले तिथंच त्यांचं चुकलं. पुढचा बॉल असा काही निघाला की शेजारचा गोरा आपलं मारायचं सोडून बघत बसला. तेव्हापास्नं बाटली गिरीशराव धरायला लागले.

मग दर शुक्रवारी सकाळी चौघांचा कंपू जमायला लागला. हे दोघं, आणि गिरीशरावांच्या हाताखालची दोन पोरं: पुण्याचा अभिजित, नाशिकचा श्रेयस. गोल्फ म्हणजे लांबनं टोलवत बॉल हिरवळीवर आणायचा आणि तिथल्या भोकात घालायचा; ह्या घालण्याला पटिंग म्हणतात. टोले जितके कमी तितकं चांगलं. वैनींचा बॉल भोकापासनं हातभर येऊन थांबला की दोघांतला एक पळत यायचा. "राहू द्या काकू, तुम्ही कशाला वाकताय? गेलाच की तो." एक टोला धरायचा आणि बॉल उचलून त्यांच्या हातात द्यायचा. वडीलधाऱ्या बाईला आपल्यात कोण खाली वाकू देत न्हाई, त्यातलाच हा प्रकार. वैनींनाही त्यात काय वावगं वाटलं न्हाई. पोरांना वळण हाय, म्हणायच्या.

क्लबात बायकांचा एक गट दर मंगळवारी सकाळी खेळायचा. वैनींना त्यात शिरायचं होतं. पण तिथं हँडिकॅप लागतो, म्हणजे तुम्ही किती कच्चे त्याचा आकडा. तेवढे टोले तुम्हाला माफ. त्यासाठी तीन पुऱ्या फेऱ्या खेळायच्या आणि बरोबरच्या खेळाडूनं टोल्यांच्या कार्डावर सही करायची.

गिरीशराव म्हणाले, "अगं, शुक्रवारी खेळतीसच की. आणि कशाला पायजे?"

"शुक्रवारी मी तुमच्या मागनं येते. फाटकावरचा माणूस मला मिसेस गिरीश म्हणतो. मला माझ्या नावानं आत जायचंय."



पहिल्या फेरीला जोडीदारीण मिळाली मुनीरा, कराचीची, शाळेत गणित शिकवणारी. पहिल्याच हिरवळीवर वैनींचा बॉल हातभर अलीकडं थांबला. वैनी काठी काखेत मारून चालायला लागल्या. मुनीरा जागची हलंना.

"क्या हुआ, सरोजजी?"

"हो गया ना."

"कहाँ हुआ? बॉल तो बाहर है."

वैनी परत फिरल्या. हातभराचं काम, त्यात काय! मारला तो पलीकडं गेला. पलीकडनं मारला तो अलीकडं आला. तिसऱ्यांदा काठ चाटून गेला. इतके दिवस गोल्फ खेळणाऱ्या बाईनं हातभरावरचा बॉल कधी घातलाच न्हवता! सगळ्या हिरवळींवर हीच तऱ्हा. लांबचे टोले सरळ जायचे आणि भोकापाशी आल्यावर बॉल हुकायचे. मुनीरानं एकही टोला सोडला न्हाई, एकही जादा लावला न्हाई. शेवटी सही करून कार्ड हातात दिलं. ते वैनींनी वाचलंसुदीक न्हाई.

दुसरी फेरीही तशीच गेली. असा आकडा घेऊन मंगळवारच्या बायकांत जायचं म्हणजे पहिल्याच दिवशी हसं. वैनींनी गटात जायचा नाद सोडायचं जवळजवळ ठरवलं.

त्या शुक्रवारी अभिजितनं तोडगा काढला. "काकू, टेन्शन नका घेऊ. आज तुमचं बेस्ट चाललंय. तिसऱ्या कार्डावर मी सही करतो. आकडा मस्त येईल, खलास!" तीन फेऱ्यांतली जी बरी असंल तीच मुख्यतः धरतात, हे त्याला ठाऊक होतं. श्रेयसनं मान डोलावली. गिरीशरावांचीही ना न्हवती.

कार्ड अभिजितच्या हातात होतं, पेनही निघालं होतं. वैनींनी घडीभर त्या पेनाकडं बघितलं. मग कार्ड काढून घेतलं.

"तुझ्या सहीनं आकडा येईल रं बाबा, पर मंगळवारी बॉल कोण घालणार? तू येणार हायेस का साडी नेसून?"

श्रेयसला हसू आवरंना. अभिजित म्हणाला, "आम्ही आपलं तुम्हाला त्रास नको म्हणून उचलायचो, काकू."

"मला ठाव हाय. तुमच्या आयांनी चांगलं शिकवलंय. पर ते घरात. हितं बॉलला हात लावलासा तर बोटांवर काठी बसंल."

मग वैनींनी दिवाणखान्यातल्या गालिच्यावर स्टीलचा पेला आडवा टाकला. भाजी फोडणीला टाकली की चार बॉल, कुकर लावला की चार बॉल. एकदा फोडणी करपली. गिरीशरावांनी मुकाट्यानं खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पेल्यात गेलेले बॉल काढून द्यायला स्वतः खाली बसले. व्हिडिओ कॉलवर आईला बघून अनुष्का म्हणाली, "आई, आर यू ओके?" वैनी म्हणाल्या, "गप, नेम हलवू नको माझा."

तिसरी फेरी मुनीराबरोबरच खेळल्या. वारा सुटला होता, वाळूनं दात करकरत होते. पहिला हातभरावरचा बॉल हुकला. दुसरा गेला. मग एक हुकला, आणि पुढचे दोन गेले. मध्येच एकदा लांबचा टोला तळ्यात पडला तेव्हा वैनींनी आटपाडीकडची एक कडक शिवी हासडली. मुनीरानं अर्थ विचारला. वैनींनी सांगितला न्हाई.

आकडा आला त्रेचाळीस. गिरीशरावांचा चोवीस. ते जरा जपूनच म्हणाले, "पहिल्या मानानं चांगला हाय की."

"लई मोठा हाय," वैनी म्हणाल्या. "पर माझा हाय. कमी करायला जागा हाय."

पहिल्या मंगळवारी त्या स्वतः गाडी हाणत गेल्या. यादीत नाव होतं, पुढं त्रेचाळीस. कोणी हसलं न्हाई. एकीचा तर पन्नास होता. खेळ संपला तेव्हा वैनी खालनं तिसऱ्या आल्या होत्या. पिशवी गाडीत टाकताना मुनीरानं विचारलं, "अगले मंगल को आएँगी ना?"

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नहीं, वक़्त बताइए."

वैनी डिकी लावत म्हणाल्या, "साढ़े छह. और थोड़ा पहले आना, पटिंग करेंगे."