स्पिरिटची बरणी
“मोहाची नाई बे, पण कडक आहे,” शाळेच्या व्हरांड्यात कोणीतरी म्हणालं. स्पिरिटचा वास आला की अजून ते वाक्य मला ऐकू येतं. गोंडपिपरीजवळच्या त्या गावी आमच्या डॉक्टरीणबाई गर्भाशयाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी बायकांना तपासणार होत्या. त्यांची मदतनीस म्हणून नमुन्याच्या काचा बुडवायला मी बरणीत स्पिरिट ओतलं आणि दारू समजून वासावर पुरुषच जमले. ते दारात, म्हणून बायका दूर चिंचेखाली. एकही आत येईना. “त्यांना घालव, नाहीतर रिकाम्या काचा बैलबंडीत घालून परत जावं लागेल,” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. “आमाले बी तपासा ना, बाई,” एक म्हातारा मला म्हणाला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे त्या अवयवाचं नाव मी मराठीत कधी उच्चारलंच नव्हतं. मान खाली घालूनच मी म्हणाले, “भाऊ, पोटात गर्भाची पिशवी असेल तर या आत.”