मुरबाडपर्यंत आणि परत

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांची सायकल माझ्या स्कूटरपेक्षा महाग आहे. ती गॅलरीत जुन्या चादरीखाली झोपलेली असते. दर शुक्रवारी मात्र सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकांचा रविवारच्या राईडचा बेत येतो: मोहने, आंबिवली, टिटवाळा करत थेट मुरबाड आणि दिवसाउजेडी परत. चहा कुठे, मिसळ कुठे, कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात, सगळं मिनिटांसकट. शनिवारी संध्याकाळी काकांची कंबर धरते. कंबरेचं वेळापत्रकही तितकंच चोख आहे.

गेल्या रविवारी मी वैतागून माझी सायकल काढून एकटाच निघालो. आंबिवलीच्या पुढे टायर बसला. काकांना फोन लावला.

“घाबरू नकोस रे. पुढे वडाखाली पंक्चरवाला आहे. दुकानात नसला तर समोर चहा पीत असेल. हाक मार.”

तो खरोखर समोर चहा पीत होता. मी काकांचं नाव सांगताच हसला.

“ते होय? महिन्या-दोन महिन्यांनी येतात की, रिक्षाने. सगळं विचारून वहीत लिहून घेतात. मी बोललो, एकदा सायकलवर या. तर बोलले, आधी चालवायला शिकू दे.”

संध्याकाळी काका जिन्यातच उभे होते.

“भेटला ना पंक्चरवाला? काही बोलला?”

“छे. पंक्चर काढलं, मी निघालो.”

“मग ठीक.” त्यांनी खिशातली वही चाचपली. “पुढच्या रविवारी मी येतोच बघ. फक्त कंबर...”

“कंबरेला जपा, काका,” मी म्हणालो.