दोन नव्या सापसुरळ्या

परवा दवाखान्यात नर्सबाईंनी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुईच्या आधीच मला सापसुरळी आठवली. त्या वासात माझी दोन हजार सालच्या आसपासची पाच-सहा वर्षं मुरलेली आहेत.

तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि सुट्टी मिळाली की आंबेगावच्या पश्चिमेकडच्या पठारावर पालथा पडून दगड उचकायचो. तिथे मला एक सापसुरळी सापडली. पालीसारखीच, पण तुकतुकीत अंगाची, आणि कुठल्याच पुस्तकात नसलेली. पुढच्या ज्येष्ठात त्याच कातळावर दुसरी दिसली, तिचा गळा तांबडाभडक. दोन नव्या जाती! मला आभाळ ठेंगणं झालं. पहिलीचं नाव गावावरून ठेवायचं ठरवलं, दुसरीला बायकोचं नाव द्यायचं कबूल केलं. मग दोघींना स्पिरिटच्या बाटल्यांत ठेवून दोन वर्षं भिंगाखाली खवले मोजत बसलो. पाठीवरचे, पोटावरचे, बोटांखालचेसुद्धा. दोघींचे आकडे तंतोतंत जुळायचे, पण लाल गळ्याच्या मोहात मी तिकडे काणाडोळा केला. "एवढं लक्ष कधी घरातल्या तांदळाच्या खड्यांकडे द्या," बायको म्हणायची.

लेख पाकिटात घातला आणि टपालात टाकण्याआधी फोटो घेऊन पठारावर गेलो. तिथे एक म्हातारे मेंढपाळ होते. सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही म्हणायचो. दगड कुठले उचकायचे ते त्यांनीच मला दाखवलं होतं. त्यांनी दोन्ही फोटो लांब धरून पाहिले.

"ह्यो नर, ही मादी," बाबा म्हणाले.

"बाबा, जाती वेगळ्या आहेत. हिचा गळा लाल आहे बघा."

"हंगामाला आला की व्हतो लाल. पंधरा दिसात उतारतो. आमचा मेंढाबी तवा लई मिजाशीत आसतो." मग त्यांनी विचारलं, "मास्तर, बेल्ह्याच्या बाजारात आमी जनावराचं आदी शेपूट उचालतो. तुमी यवडं खवलं मोजलं, शेपूट न्हाई उचाललं व्हय?"

दर वर्षी पहिल्याच तासाला मी पोरांना सांगायचो, आधी नर-मादी पाहा. घरी येऊन दोन्ही बाटल्या उघडल्या, शेपटीचं बूड चिमटीत धरून पाहिलं. एक नर, एक मादी. माझी दुसरी जात जगाला कळण्याआधीच नामशेष झाली. बायकोने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

लेख नव्याने लिहिला. 'हंगामात नराचा गळा तांबडा होतो व पंधरवड्यात उतरतो' हे त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य. बाटलीतला गळा आता राखाडी झाला आहे, फोटोही विटले आहेत, तो रंग फक्त या वाक्यात उरला आहे, आणि ते वाक्य माझ्या नावावर आहे. छापलेला लेख घेऊन मी पठारावर गेलो, तेव्हा बाबा जाऊन दोन महिने झाले होते. परत येताना एसटीत शेवटचं पान काढून आभार वाचले. तिथे 'एक स्थानिक मेंढपाळ' एवढंच होतं. एका सरपटणाऱ्या जिवाच्या नावासाठी मी वर्षंच्या वर्षं झुरलो आणि बाबांना त्यांचं नाव कधी विचारलंच नाही.